महाडचं लुगडं आणि आपल्या पोरींचे कपडे

मार्चच्या शेवटी नांदेडमधल्या एका वस्तीतल्या विहारात जयंतीच्या तयारीची बैठक होती. वर्गणी, मिरवणूक, डीजे, भोजनदान हे नेहमीचे विषय झाले. शेवटी समितीतले एक ज्येष्ठ काका उठले. म्हणाले, "या वर्षी मुलींनी पांढऱ्या साडीतच यायचं. जीन्स-टीशर्ट चालणार नाही, मिरवणुकीत नाचणं तर अजिबात नाही. बायकांनी कसं राहायचं ते बाबासाहेबांनी महाडला सांगून ठेवलंय."

मागच्या रांगेत बसलेली बारावीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "काका, मग महाडला बापे माणसांना काय सांगितलं होतं?"

हशा पिकला, बैठक उठली. पण मला ती मुलगी अजून आठवते. तिने थट्टा केली नव्हती. तिने इतिहासाचा प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर आम्हा मोठ्यांपैकी कुणाजवळ तयार नव्हतं. मी समाजशास्त्रात एम.ए. केलं, दहा-बारा वर्षं वस्त्यांमध्ये काम करते, तरी मीही त्या दिवशी गप्प बसले. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेलं उत्तर आहे.

महाडला नेमकं काय झालं?

२५ डिसेंबर १९२७ ला महाडच्या सत्याग्रह परिषदेत मनुस्मृती जाळली, हे आपल्याकडे लहान पोरालाही पाठ असतं. त्याच परिषदेच्या शेवटी बाबासाहेब खास स्त्रियांशी बोलले, हे मात्र आपण घाईत सांगून पुढे जातो. त्यांनी सांगितलं की तुमची लुगडं नेसायची जी पद्धत आहे ती अस्पृश्यतेची खूण आहे, ती पुसून टाका. गळ्यातल्या माळांची ओझी आणि कोपरापर्यंतचे कथलाचे दागिने हीसुद्धा ओळखीची चिन्हं आहेत, ती काढा. सोन्याचं घालता येत असेल तर घाला, नाहीतर काही घालू नका. मेलेल्या जनावराचं मांस घरात शिजू देऊ नका. मुलींना शिकवा. आणि नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका.

लगेच बायकांनी लुगडं वेगळ्या पद्धतीने नेसलं. महाडमधल्या टिपणीस आणि चित्रे या कायस्थ कुटुंबांतल्या स्त्रियांनी त्यांना ते नेसवून दाखवलं.

एवढ्याशा गोष्टीत एवढं काय, असं आजच्या पिढीला वाटेल. त्यासाठी बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' वाचावं लागतं. फलटणच्या बेबीताईंनी लिहून ठेवलंय की महार बाईने निऱ्यांचे काठ दिसतील असं लुगडं नेसायचं नाही, काठ आत दडवायचे, अशी रीत होती. काठ मिरवण्याचा अधिकार वरच्या जातीच्या बाईचा. म्हणजे बाई रस्त्याने येताना लांबूनच दिसली पाहिजे की ही कोण आहे. जातीचा दाखला तिच्या कमरेला गुंडाळलेला होता. ती तोंड उघडायच्या आधी, नाव सांगायच्या आधी तिचं शरीर तिची जात सांगत होतं.

म्हणून महाडचा तो बदल कपड्यांच्या फॅशनचा नव्हता. गावाने बाईच्या अंगावर लिहिलेला नियम बाईने स्वतःच्या हाताने पुसला. पुरुषांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं तेव्हा जे घडलं, तेच बाईने निरी काढून नेसली तेव्हा घडलं. एक सत्याग्रह तळ्यावर झाला, दुसरा शरीरावर.

शरीराला जात शिकवली जाते

माझी आजी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. मी शाळेत असताना, म्हणजे नव्वदच्या दशकात, ती मला घेऊन लातूरच्या बाजाराला जायची. किराणा दुकानाची पायरी ती चढत नसे. खाली उभी राहून वरच्या माणसाला सामान सांगायची. तिला कुणी अडवत नव्हतं. दुकानदार म्हणायचा, "आजी, वर या की." आजी हसायची, पण पाय उचलत नसे. मी हात धरून ओढायचे आणि मला तिचा राग यायचा. फार उशिरा मला कळलं की कायदा बदलला, दुकानदार बदलला, तरी आजीच्या पायाला अजून कळलं नव्हतं. लहानपणी वाड्यापुढून जाताना चप्पल हातात घ्यायला शिकलेला तो पाय होता.

एम.ए.ला असताना मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाचं नाव आलं. त्याने १९३४ मध्ये एका व्याख्यानात मांडलं की चालणं, बसणं, पोहणं, झोपणं या साध्या हालचालीसुद्धा माणूस समाजाकडून शिकतो. प्रत्येक समाजाचं शरीर वापरायचं आपलं तंत्र असतं. पुढे पिएर बुर्द्यू याने दाखवलं की सत्तेचे नियम माणसाच्या अंगवळणी पडतात आणि मग हुकूम द्यायची गरज उरत नाही. आमचे सर हे शिकवत होते तेव्हा मला आजीचा पाय दिसत होता. आणि मनात आलं, मॉसच्या व्याख्यानाच्या सात वर्षं आधी बाबासाहेब महाडच्या बायकांना सांगत होते की अंगवळणी पडलेलं अंगातून काढता येतं. मॉसने शिकवलेलं शरीर कसं असतं ते सांगितलं. बाबासाहेबांनी ते शिक्षण मोडायचं कसं तेही सांगितलं.

याच्याही आधी, १८५५ मध्ये, पुण्याला जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात ती धर्मग्रंथांबद्दल बोलते, तसंच आपल्या बायकांच्या बाळंतपणाबद्दलही बोलते. घरावर छप्पर नाही, पाऊस-थंडीत बाई बाळंत होते, तिचे हाल कसे होत असतील ते स्वतःच्या अनुभवावरून ओळखा, असं ती विचारते. आज विद्यापीठात 'देहानुभव' हा विषय म्हणून शिकवतात. आपल्या इतिहासात त्याची सुरुवात एका शाळकरी मुलीने केली आहे.

बाईच का?

जात पाळायची तर बाईच्या शरीरावर पहारा का लागतो, याचं उत्तर बाबासाहेबांनी वयाच्या पंचविशीत दिलं. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जातीचा गाभा म्हणजे जातीतल्या जातीत लग्न, हे त्यांनी तिथे मांडलं. जात बंद ठेवायची तर जातीतले लग्नाचे स्त्री-पुरुष संख्येने सारखे राहिले पाहिजेत. नवरा मेला की बाई 'जास्तीची' होते. ती जातीबाहेर लग्न करेल किंवा जातीतल्या दुसऱ्या मुलीच्या वाट्याचा नवरा घेईल, दोन्हीकडून धोका. म्हणून तिला जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. बायको मेलेल्या पुरुषाला मात्र जाळत नाहीत, कारण त्याचा दर्जा वरचा. त्याच्यासाठी लग्नाच्या वयाला न आलेली मुलगी आणा. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तीन चालींचं मूळ त्यांनी धर्मात न शोधता जातीच्या हिशोबात शोधलं.

तात्पर्य साधं आहे. जातीचं कुंपण बाईच्या शरीरावर उभं आहे. वरच्या जातीत ते बाईला घरात कोंडून उभं राहतं. आपल्या बायांना कोंडून चालणार नव्हतं, कारण त्यांच्या श्रमावर गाव चालत होता. त्यांच्या शरीरावर दुसरा नियम लागू झाला: राबायला सगळ्यांचं, अब्रू मात्र कुणाचीच नाही. सवर्ण बाईची 'इज्जत' आणि दलित बाईची 'उपलब्धता' एकाच कारखान्यात तयार झाल्या.

अभ्यासक काय म्हणतात आणि आपल्याला ते का टोचतं?

गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त लिहिलं की दलित स्त्रिया वेगळं बोलतात, आणि त्याला दोन कारणं आहेत. बाहेर सवर्ण स्त्रीवादी चळवळ त्यांच्या वतीने बोलते, आणि आत आपलेच पुरुष नेते त्यांना बोलू देत नाहीत. १९९८ मध्ये शर्मिला रेगे यांनी ही चर्चा पुढे नेली. दलित स्त्रिया वेगळ्या आहेत एवढं म्हणून थांबू नका, त्यांच्या जागेवरून पाहिलं तर सगळ्याच समाजाची रचना स्पष्ट दिसते, तो दृष्टिकोन इतरांनीही शिकून घ्यावा, असं त्यांचं म्हणणं. त्याआधी, १९८९ मध्ये, ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायांना गावोगाव भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केलं होतं.

शैलजा पाईक यांचं २०२२ चं पुस्तक तमाशातल्या दलित स्त्रियांवर आहे. पुण्याच्या येरवड्यात वाढलेल्या या आपल्या अभ्यासक मुलीला २०२४ मध्ये अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने स्टेटस ठेवले. पुस्तक किती जणांनी उघडलं माहीत नाही. त्यातला एक मुद्दा आपल्याला टोचणारा आहे. ज्या समाजाने दलित बाईला नाचवलं त्यानेच तिला अश्लील ठरवलं. आणि माणुसकी मिळवायच्या लढाईत आपल्यालाही त्या बाईपासून अंतर ठेवावंसं वाटलं.

इथे १९३६ ची मुंबईतली सभा आठवते. कामाठीपुऱ्यात धंदा करणाऱ्या स्त्रियांपुढे बाबासाहेब परळच्या दामोदर हॉलमध्ये बोलले. आमच्याबरोबर यायचं तर हा धंदा सोडावा लागेल, असं त्यांनी रोखठोक सांगितलं. पोट कसं भरायचं ते मी सांगणार नाही, मार्ग शेकडो आहेत, असंही म्हणाले. अनेक अभ्यासक विचारतात की सुटकेचं सगळं ओझं त्या बायांवरच का टाकलं? जिला त्या धंद्यात ढकललं तिनेच समाजाची बदनामी धुऊन काढायची?

हा प्रश्न विचारला की आपल्यातले काही कार्यकर्ते भडकतात. विदेशात बसून बाबासाहेबांना प्रश्न विचारणारे हे कोण, असं म्हणतात. मला हा राग कळतो, पण पटत नाही. बाबासाहेबांचा अनुयायी प्रश्नाला घाबरत नाही. माझं स्वतःचं मत असं: त्या सभेतली भाषा कठोर आहे, आणि त्या बायांच्या पोटाचा प्रश्न तिथे अनुत्तरित राहतो, हे मान्य करायला हवं. पण एका भाषणावर बाबासाहेबांचा स्त्रीच्या शरीराबद्दलचा विचार संपत नाही. तो पूर्ण समजायचा तर कायदेमंडळातलं त्यांचं काम सोबत ठेवून वाचावं लागेल.

१९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात कारखान्यातल्या स्त्रियांना बाळंतपणाची रजा देणारं विधेयक आलं. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणात बाईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागचं भाषण बाबासाहेबांचं होतं. मूल नको असेल तर कोणत्याही कारणासाठी ते टाळता आलं पाहिजे, आणि तो निर्णय सर्वस्वी बाईचा असला पाहिजे, हा त्यातला विचार. ठराव पडला. १९३८ मध्ये हे म्हणणारे पुढारी देशात किती होते, ते मोजून पाहा. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांना रजा असे ठराव झाले. तिथे बाबासाहेबांनी सांगितलं की बायकोने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभं राहावं, गुलामी नाकारावी. मजूर सदस्य असताना त्यांनी खाणीतल्या बायांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात सुधारणा केली. शेवटी हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडलं.

महाडचं लुगडं या रांगेत ठेवून पाहा. बाळंतपणाची रजा, मूल नाकारायचा हक्क, घटस्फोट आणि लुगड्याचा काठ यांतून एकच गोष्ट निघते: बाईचं शरीर गावाच्या मालकीचं नाही, मालकाच्या नाही, नवऱ्याच्याही नाही. मग ते जयंती समितीच्या मालकीचं कसं होईल?

मराठवाड्यात हे शरीर कसं जगलं?

काकांची बाजूही मला मांडायची आहे, कारण त्यांच्या सक्तीमागे भीती आहे आणि ती खोटी नाही. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना मारलं. सुगावचे जनार्दन मवाडे गेले. घरं जळाली, माणसं रात्रीतून गाव सोडून पळाली. काका तेव्हा दहा-बारा वर्षांचे होते.

तेव्हाचा राग पाटीवरच्या नावापुरता नव्हता. शिकलेला, धुतलेले कपडे घातलेला, मान वर करून चालणारा बौद्ध पोरगा गावाच्या डोळ्यांत सलत होता. महाडला जे शरीर ताठ झालं त्यालाच मराठवाड्यात मार बसला. हे अजून संपलेलं नाही. १ जून २०२३ ला नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत अक्षय भालेराव या तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता, अशी कुटुंबाची फिर्याद आहे.

आणि बाईच्या शरीरावर तर गाव पूर्वीपासून सूड उगवत आला आहे. १९६३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यातल्या सिरसगावात चार दलित स्त्रियांची नग्न धिंड काढली. २००६ मध्ये खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या मायलेकींचं आणि दोन मुलांचं काय केलं ते आपण जाणतो. त्या खटल्यात आरोपींना खुनासाठी शिक्षा झाली, पण ॲट्रॉसिटीचा कायदा लागू झाला नाही. अनुपमा राव यांनी जातीवरच्या आपल्या पुस्तकात सिरसगावचा अभ्यास करून हेच दाखवलंय की दलित बाईवरचा लैंगिक अत्याचार हा अख्ख्या समाजाला दिलेला जातीचा इशारा असतो.

असा मार खाल्लेल्या समाजाला वाटतं, पोरींना झाकून ठेवू, म्हणजे वाचतील. ही भीती समजून घ्यायलाच हवी. पण इतिहास काय सांगतो? सिरसगावच्या बाया कपड्यांमुळे निवडल्या गेल्या नव्हत्या. खैरलांजीची आई जमिनीसाठी उभी राहिली होती. अत्याचाराचं कारण कधीच बाईच्या कपड्यात नव्हतं, ते जातीत होतं. तिला साडीत गुंडाळून आपण जातीला धक्का लावत नाही. उलट अब्रू बाईच्या अंगात असते, हे मनूचंच वाक्य आपण निळ्या झेंड्याखाली म्हणतो.

आपल्या आठवणीही तपासू. नामांतराच्या शहिदांची यादी वाचताना पोचीराम कांबळे, नोव्हेंबर १९९३ मध्ये आत्मदहन करणारे नांदेडचे गौतम वाघमारे ही नावं आपण ठसक्यात घेतो. त्याच यादीत सुहासिनी बनसोड आहेत, प्रतिभा तायडे आहेत. त्यांच्याबद्दल आपल्या वक्त्यांना दोन मिनिटं तरी बोलता येतं का? आणि १९७८ मध्ये पोटुशी असताना ज्वारीतून पळालेल्या, ओल्या बाळंतिणीला पाठीशी घेऊन स्टेशनवर रात्र काढलेल्या बाया अजून आपल्या वस्त्यांत आहेत. मी त्यांच्याजवळ बसते. त्या तारीख सांगत नाहीत, दुखणं सांगतात. "तवापासून कंबर धरली ती धरलीच." ही कंबर म्हणजे दस्तऐवज आहे. तो वाचायला कुणी जात नाही.

समितीने कशावर बोलावं?

शरीराबद्दल बोलायचंच असेल तर विषय कमी नाहीत. लातूर-नांदेडमधूनही ऊसतोडीला जोड्या जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, खाडा झाला तर पैसे कापतात. पाळीत, गरोदरपणात मोळी डोक्यावर असते. शेजारच्या बीडमध्ये २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढल्याचं दिसलं. यात आपल्या बाया आहेत, मातंग, वंजारी, लमाण बायाही आहेत. कोयत्याच्या हिशोबात अडचण नको म्हणून बाईच्या शरीरातून अवयवच काढून टाकायचा, यापेक्षा मोठा शरीराचा प्रश्न कोणता? माझ्या ऐकण्यात एकाही जयंतीच्या भाषणात 'पिशवी' हा शब्द आलेला नाही. मुलीच्या जीन्सचा मात्र दरवर्षी येतो.

तर त्या बारावीच्या मुलीला उत्तर. बाळ, महाडला बाबासाहेबांनी तुझ्या पणजीला सांगितलं होतं की तुझ्या अंगावरची गुलामीची खूण ओळख आणि तुझ्या हाताने काढ. काय घालायचं याचा कायमचा हुकूम त्यांनी दिला नव्हता. आणि बापे माणसांसाठीही तिथे निरोप होता: पिऊन आलात तर घरात ताट मिळणार नाही. डीजेच्या गाडीमागे रात्री कोण कसं नाचतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा हा निरोपही समितीने एकदा वाचून दाखवावा.

पांढरी साडी मला प्रिय आहे. मी दीक्षाभूमीला तीच नेसून जाते, कारण ती मी निवडली आहे. एखादी मुलगी जीन्स घालून बावीस प्रतिज्ञा म्हणत असेल तर तिची प्रतिज्ञा अर्धी होत नाही.

पुढच्या बैठकीला मी एक मागणी घेऊन जाणार आहे. समितीत निम्म्या बाया असाव्यात, आणि जयंतीच्या आठवड्यात एक संध्याकाळ वस्तीतल्या म्हाताऱ्यांसाठी ठेवावी. त्यांनी बोलावं, पोरींनी मोबाईलवर रेकॉर्ड करून लिहून काढावं. लुगडं कसं नेसत होत्या, बाळंतपणं कुठे झाली, अठ्ठ्याहत्तरला कुठून पळाल्या, कंबर कधीपासून दुखते. माझी आजी हे सांगायच्या आधीच गेली. ज्यांच्या आज्या अजून आहेत त्यांनी उशीर करू नये.

जय भीम.